पॅच बाबांच्या पाठीवर, धोका कचऱ्याच्या डब्यात

वाचकाचं पत्र (थोडं आवरून)

ताई, नमस्कार. आम्ही नंदनवनला राहतो. माझे सासरे ६८ वर्षांचे. चाळीस वर्षं खर्रा खाल्ला, गेल्या वर्षी जबड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, लाईट (रेडिएशन) देऊन झाली, पण आजार उलटला. आता घरीच ठेवा म्हणाले. मॉर्फिनच्या गोळ्या सुरू होत्या, पण तोंड उघडेना, गिळता येईना. म्हणून महिन्याभरापूर्वी डॉक्टरांनी पॅच लिहून दिला, फेंटॅनिलचा, २५ चा. दर तीन दिवसांनी बदलायचा. त्यानं बाबा रात्री झोपू लागले, दोन शब्द बोलू लागले.

मागच्या रविवारी एका चुलतदिरांनी फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ टाकला. अमेरिकेतल्या रस्त्यावर माणसं कमरेत वाकून नुसती उभी, खाली लिहिलेलं : ‘फेंटॅनिल, एक कण आणि मृत्यू’. सासूबाईंनी माझ्या मोठ्या मुलीकडून पॅचच्या पाकिटावरचं नाव वाचून घेतलं. ‘गर्द चिकटवून राहिले माह्या माणसाले’ असं म्हणत त्यांनी पॅच ओढून काढला आणि कचऱ्यात टाकला. ती रात्र मी आयुष्यात विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यांनी नवा पॅच लावला. तेव्हापासून सासूबाईंचा अबोला आहे. घरात माझा दोन वर्षांचा मुलगा आहे. त्यात नणंदेचा मुलगा ऑगस्टमध्ये एमएस करायला टेक्सासला चाललाय, तो व्हिडिओ पाहून नणंद म्हणते, पाठवतच नाही. पॅच ठेवू की काढू? बाबांना व्यसन लागेल का? हात लावल्यानं आम्हाला काही होईल का? आणि भाच्याला काय सांगू?
एक सून, नंदनवन

उत्तर

सूनबाई, आधी एक काम करा, मग पुढचं वाचा. सासूबाईंनी काढून टाकलेला तो पॅच कुठे आहे? घंटागाडीत गेला असेल तर ठीक. पण डबा अजून तोच असेल, किंवा पॅच डब्यात पडण्याऐवजी बाजूला पडला असेल, तर तो शोधा. सोफ्याखाली बघा, चपलेच्या तळव्याला बघा, बाळाच्या कपड्यांना, अंगाला बघा. ही चकती बहुतेकदा पारदर्शक असते, फरशीवर सहज दिसत नाही. सापडली की चिकट बाजू आत येईल अशी दुमडा आणि हात साध्या पाण्यानं धुवा.

घाबरवायला सांगत नाहीये. तुमच्या घरातले सगळे बाबांच्या पाठीकडे बघत बसले आणि खरा धोका डब्यात पडून होता, एवढंच म्हणायचंय. तीन दिवस वापरून काढलेल्या पॅचमध्येही बरंच औषध शिल्लक असतं, कधी कधी निम्म्याहून जास्त. सासूबाईंनी तर तो मुदतीआधीच काढला. रांगतं-चालतं मूल सापडेल ती वस्तू तोंडात घालतं, नाहीतर टिकलीसारखी अंगाला लावून बघतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१२ मध्ये याच कारणासाठी जाहीर इशारा दिला होता. टाकलेले किंवा मोठ्यांच्या अंगावरून सुटलेले पॅच लागून तिथे लहान मुलं दगावली होती.

आता तुमचे प्रश्न. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. या शहरात औषधांच्या खिडकीमागे बत्तीस वर्षं काढली. डोस ठरवणं तुमच्या डॉक्टरांचं काम, ते मी करणार नाही. पण औषध घरात आल्यावर काय होतं, ते मला थोडंफार कळतं.

पॅच काढू नका. डॉक्टरांना फोन करून मात्र सांगा की मध्ये एक दिवस तो अंगावर नव्हता. हे लपवू नका, सासूबाईंची लाज वाटते म्हणून तर मुळीच नको. पॅचचं औषध कातडीतून हळूहळू झिरपतं. नवा लावला की पूर्ण असर यायला बारा ते चोवीस तास जातात. त्या मधल्या वेळात बाबा कण्हत राहिले म्हणून घाबरून कोणी दुसरा पॅच शेजारी लावला, तर रात्रीतून दोन्ही एकदम चढतात. मधल्या कळांसाठी डॉक्टर वेगळं औषध देतात, ते मागून घ्या. आणि पुढे कधी काही कारणानं पॅच दोन-चार दिवस बंद राहिला, तर तोच आकडा आपल्या मनानं पुन्हा सुरू करायचा नाही. शरीराची सवय उतरते, मग कालचा डोस आज भारी पडतो.

हा २५ चा आकडा सासूबाईंना समजावून सांगण्यासारखा आहे. २५ म्हणजे तासाला २५ मायक्रोग्रॅम. दिवसाला ६००. तीन दिवसांत १८०० मायक्रोग्रॅम, म्हणजे १.८ मिलिग्रॅम. आणि त्या व्हिडिओत जो ‘एक कण’ म्हणतात तो २ मिलिग्रॅमचा. अमेरिकेची अंमलीपदार्थविरोधी यंत्रणा तेवढ्याला जीवघेणं धरते, मिठाचे दहा-पंधरा दाणे होतील एवढं. बघा, जवळजवळ तेवढंच औषध बाबांच्या अंगात तीन दिवसांत जातं, आणि बाबा त्यावर झोपतात, उठतात, नातीशी बोलतात. सलाईनची बाटली रात्रभर थेंब-थेंब चढते, तीच एका दमात शिरेत ओतली तर काय होईल?

शिवाय बाबा आधी मॉर्फिनवर होते, म्हणूनच त्यांना पॅच मिळाला. ज्यानं असलं औषध कधी घेतलंच नाही, त्याला थेट पॅच लावत नाहीत. त्यामुळे शेजारच्या काकूंचे गुडघे कितीही दुखोत, ‘आमच्याकडे एक भारी पट्टी आहे’ म्हणून उरलेला पॅच त्यांना देऊ नका. असं होतं, मी पाहिलंय. नागपुरात औषध वाटून खायची जी सवय आहे ना, ती संत्र्यांपुरती ठेवावी.

सासूबाईंना आणखी एक सांगा. त्यांचं पित्ताशयाचं, गर्भाशयाचं, कसलंही मोठं ऑपरेशन झालं असेल तर भूलतज्ज्ञांनी त्यांना बहुधा हेच औषध शिरेतून दिलं असेल. बेल्जियममधल्या पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत १९६० च्या सुमारास ते तयार झालं आणि तेव्हापासून जगभरच्या ऑपरेशन थिएटरांत रोज वापरलं जातं. मॉर्फिनपेक्षा सुमारे शंभर पट तीव्र, म्हणून ग्रॅममध्ये नाही, मायक्रोग्रॅममध्ये मोजायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत कॅन्सरच्या वेदनांसाठी हा पॅच आहे. आपल्याकडे २०१४ मध्ये अंमली पदार्थांचा कायदा बदलला आणि पुढच्या वर्षी जी सहा औषधं ‘अत्यावश्यक’ म्हणून मोकळी केली, त्यांत मॉर्फिनबरोबर फेंटॅनिलही आहे. तुमच्या कपाटातलं पाकीट डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आलंय, चोरून नाही. ती चिठ्ठी पाकिटाबरोबरच ठेवा.

ही कायद्याची गोष्ट मी उगाच काढली नाही. १९९१ साली माझे वडील घशाच्या कॅन्सरनं गेले. तेव्हा १९८५ चा कायदा नवा होता आणि मॉर्फिन ठेवायला रुग्णालयं, दुकानं दोन्ही घाबरत. आम्ही होतो त्या रुग्णालयात औषध नव्हतं. परवान्याचं काहीतरी अडलंय, म्हणाले. मी स्वतः फार्मसीची पदवी घेतलेली पोरगी, सीताबर्डीपासून गांधीबागेपर्यंत चिठ्ठी घेऊन हिंडले, आणि प्रत्येक काउंटरवर माझ्याकडे चोराकडे बघावं तसं बघितलं गेलं. वडील शेवटचे नऊ दिवस उशी दातांत धरून होते. तुमच्या सासूबाईंनी पॅच ओढला त्या रात्री तुम्ही जे ऐकलंत, ते आम्ही नऊ रात्री ऐकलं. त्यामुळे ‘फेंटॅनिल म्हणजे विष’ असा फॉरवर्ड आला की माझा तोल जरा सुटतो, तेवढं समजून घ्या.

व्यसनाचं म्हणाल तर, बाबांच्या शरीराला औषधाची सवय होईल, होणारच. म्हणून ते एकदम बंद करायचं नसतं. केलं तर वेदनेबरोबर घाम, थरथर, जुलाब, अस्वस्थपणा असं सगळं मागे लागतं. त्या रात्री त्यातलंही काही असणार. पण व्यसनी माणूस औषधापायी घर, पैसा, माणसं सोडतो. तुमचे बाबा औषधामुळे माणसांत परत आलेत. तुम्हीच लिहिलंय की दोन शब्द बोलू लागले. व्यसन त्यांना खर्र्याचं होतं, आणि ते पन्नीत घोटून चौकाचौकात मिळत होतं, तेव्हा ग्रुपवर कोणी व्हिडिओ टाकला नाही.

आता हात लावण्याचं. रस्त्यावरच्या भुकटीचा नुसता स्पर्श झाला आणि माणूस कोसळला, असे जे व्हिडिओ फिरतात त्यांत फारसा अर्थ नाही. अमेरिकेतल्या विषविज्ञान तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ मध्येच सांगितलंय की ओझरत्या स्पर्शानं तसं होणं जवळपास अशक्य आहे. पॅच मात्र कातडीतून औषध आत जावं म्हणूनच बनवलेला असतो, तो चिकटून राहिला तर शिरणार. म्हणून बदलताना चिकट बाजूला बोट लावू नका, लागलंच तर साध्या पाण्यानं धुवा. साबण किंवा सॅनिटायझर नको, त्यानं औषध उलट लवकर आत जातं.

बदलताना जागा दर वेळी वेगळी घ्या. पाठीचा वरचा भाग उत्तम, तिथे बाबांचा हात पोचत नाही आणि बाळाचाही. लाईट दिलेल्या कातडीवर नको. केस असतील तर कात्रीनं कापा, वस्तरा फिरवू नका. कातडी कोरडी करून पॅच तळहातानं अर्धा मिनिट दाबून धरा. आधी जुना काढायचा, मग नवा. हे सांगायला हसू येतं, पण अंगावर तीन-तीन पॅच घेऊन आलेला माणूस मी बघितलाय. जुना काढायचा असतो हे त्याच्या घरी कोणी सांगितलंच नव्हतं. आणि पैसे वाचवायला अर्धा कापून लावायचा नाही. एक मावशी कात्री लावायच्या. काउंटरवर येऊन म्हणाल्या, ‘अर्ध्यात भागते ना बाप्पा, उरलेला पुढच्या खेपेले.’ कापलेल्या कडेतून औषध एकदम सुटू शकतं. परवडत नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, ते मॉर्फिनच्या पातळ औषधाचा विचार करतील. तुकडोजी चौकातलं कॅन्सर हॉस्पिटल असो की जामठ्याचं, वेदनेवर उपचार करणाऱ्यांना पैशांचं बोलणं नवीन नसतं.

जुना पॅच दुमडून झाकणाच्या डब्यात, कुलपाच्या कपाटात ठेवा आणि पुढच्या भेटीत परत घेतात का विचारा. घेत नसतील तर दुमडून संडासात टाकून पाणी ओता. गटाराचा विचार करणारे वाचक मला रागावतील, पण दोन वर्षांचं मूल आणि गटार यांत मी मूल निवडते.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र मी रांगेतून वर काढलं, ती. मे महिना आहे, नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते तापलेले नऊ दिवस, तोंडावर आहे आणि तुम्ही नागपुरात आहात.

उष्णतेनं पॅचमधलं औषध भराभर सुटतं आणि कातडीही ते भराभर ओढते. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की आपल्याकडे दुपारी गच्चीखालची खोली भट्टी होते. बाबांची खाट त्या खोलीत असेल तर खालच्या मजल्यावर किंवा कूलरच्या वाऱ्यात हलवा. लाईट गेली तर ओला पंचा, हातपंखा. अंगणातल्या उन्हात खुर्ची टाकून बसवू नका, सकाळच्या कोवळ्या उन्हातसुद्धा पाठ उघडी नको. अंघोळ कोमट पाण्यानं, कढत नाही. ताप आला तर तो १०२ ची वाट न बघता डॉक्टरांना कळवा, कारण तापही बाहेरच्या उन्हासारखंच काम करतो.

आणि शेक. हे मुद्दाम वेगळं लिहिते, कारण आपल्या घरात दुखलं की पहिला हात गरम पाण्याच्या पिशवीकडे जातो. सासूबाई तर जाणारच. पॅचवर किंवा पॅचच्या आसपास पिशवी, इलेक्ट्रिक पॅड, तव्यावरचं फडकं, काहीही नको. बामही नको, तेलाची मालिशही नको.

दुसऱ्या औषधांबद्दल एकच सांगते, कारण तोंडाच्या कॅन्सरमध्ये ते हमखास येतं. तोंडात पांढरी बुरशी धरते, मग कोणीतरी फ्लुकोनॅझोल लिहून देतं. ते आणि काही अँटिबायोटिक, उदाहरणार्थ क्लॅरिथ्रोमायसिन, फेंटॅनिलला शरीराबाहेर पडू देत नाहीत, त्यामुळे तोच पॅच भारी होतो. लिहून देणाऱ्याला ‘पॅच सुरू आहे’ हे वाक्य ऐकवा, मग तो दातांचा डॉक्टर असो की गल्लीतला. झोपेची गोळी आपल्या मनानं नाही. दारू अजिबात नाही. पपनस टाळा. संत्र्याचा रस खुशाल द्या, बाबांना झोंबत नसेल तर. एवढ्या मोठ्या यादीत आपलं संत्रं सुटलं, याचा मला दर वेळी आनंद होतो. पोट साफ होण्याचं औषध मात्र पॅच असेपर्यंत रोज हवं, ते कोणी लिहून दिलं नसेल तर मागा.

रात्री बघायचं काय? श्वास. बाबा झोपलेले असताना छातीकडे बघून घड्याळाच्या एका मिनिटात श्वास मोजा. बारा-पंधरा असतील तर तुम्हीही झोपा. दहाच्या खाली जात असतील तर हाक मारा, खांदा हलवा. उठले, बोलले, तर डॉक्टरांना फोन. उठत नाहीत, घशातून घरघर येतेय, ओठ-नखं निळी-काळी पडताहेत, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, तर पॅच काढा, १०८ ला फोन करा, कुशीवर वळवा. श्वास थांबतच असेल तर तोंडानं श्वास द्या. पॅच काढल्यावरही कातडीत साठलेलं औषध कित्येक तास रक्तात येत राहतं, म्हणून ‘आता बरे दिसतात’ म्हणून गाडी परत पाठवायची नाही. रुग्णालयात नॅलोक्सोन नावाचं इंजेक्शन असतं, ते या औषधाचा उतारा आहे. गाडीत बसतानाच ‘फेंटॅनिलचा पॅच आहे’ असं सांगा.

एवढं सगळं वाचून छाती दडपली असेल. पण डोस बरोबर बसलेल्या माणसाला असं होणं नेहमीचं नाही. तुमच्या बाबांचा महिना नीट गेलाय.

आता त्या व्हिडिओकडे वळते. तो खोटा नाही. फिलाडेल्फियाच्या केन्सिंग्टन भागातले असे व्हिडिओ बरेच फिरतात. पण माणसं तशी वाकून उभी असतात त्याला फेंटॅनिलबरोबर त्यातली भेसळही कारण असू शकते. तिथल्या रस्त्यावरच्या फेंटॅनिलमध्ये झायलझिन मिसळलेलं सापडत आलंय, म्हणजे गुरांच्या डॉक्टरांकडचं गुंगीचं औषध. त्यानं अंगावर न भरणाऱ्या जखमा होतात, आणि नॅलोक्सोनचा त्यावर उतारा चालत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सरकारनं या मिश्रणाला नवा राष्ट्रीय धोका म्हणून जाहीर केलं. संकट मोठंच आहे. २०२२ या एका वर्षात तिथे नशेच्या अतिसेवनानं सुमारे १ लाख ८ हजार माणसं गेली, त्यांतली जवळपास ७४ हजार मुख्यतः फेंटॅनिलसारख्या कृत्रिम पदार्थांनी. २०२४ मध्ये एकूण आकडा ८० हजारांच्या आसपास उतरला. नॅलोक्सोन घरोघरी पोचलं, हे त्याचं एक कारण सांगतात.

म्हणून भाच्याला सांगायला हवंच. पण नणंदबाई ज्याला घाबरताहेत, त्या रस्त्यावर तो जाणारच नाही. एमएसला गेलेलं आपलं पोट्टं लायब्ररीत असतं, पार्टटाइम कामावर असतं, चार जणांच्या फ्लॅटमध्ये खिचडी लावत असतं. त्याच्यापर्यंत हे आलं तर मित्राच्या खिशातून येईल. परीक्षेच्या आदल्या रात्री ‘ही घे, अडेरॉल आहे, झोप उडते.’ पाठ धरली तर ‘ही पेनकिलर घे.’ झोप येत नसेल तर ‘झॅनॅक्सची अर्धी घे.’ देणाराही वाईट नसतो, त्यालाही ती खरीच वाटते. आणि गोळी दिसते हुबेहूब, तोच रंग, तोच छाप. प्रिन्स हा जगप्रसिद्ध गायक एप्रिल २०१६ मध्ये गेला तो अशाच नकली गोळीनं; वेदनेची नेहमीची गोळी समजून घेतली, आत फेंटॅनिल होतं.

नकली गोळी बनवणाऱ्याकडे मायक्रोग्रॅमचा काटा नसतो. तो बादलीत ढवळतो. रव्याच्या लाडवांत आपण बेदाणे टाकतो ना, कितीही सारखे मिसळले तरी एका लाडवात तीन येतात, एकात एकही नाही. लाडवात त्याचं काही बिघडत नाही. त्या गोळीत मात्र पहिल्यानं काही झालं नाही म्हणून दुसरीनंही होणार नाही, असं म्हणता येत नाही. मित्रानं घेतलेली आणि भाच्यानं घेतलेली, एकाच पुडीतल्या दोन गोळ्या सारख्या नसतात. तिथल्या अंमलीपदार्थविरोधी यंत्रणेनं २०२३ मध्ये पकडलेल्या नकली गोळ्या तपासल्या, तेव्हा दहातल्या सात गोळ्यांत दोन मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त फेंटॅनिल निघालं. पुढच्या वर्षी दहातल्या पाच.

म्हणून भाच्याला ‘नशा करू नकोस’ असं सांगू नका. तो ‘हो मामी’ म्हणेल आणि ऐकणार नाही, कारण गोळी घेऊन अभ्यास करण्याला तो नशा समजतच नाही. त्याला असं सांगा : दुकानातून, तुझ्या नावाच्या चिठ्ठीवर, तुझ्या हातात आली नसेल ती गोळी तोंडात घालायची नाही. रूममेटची नाही, सिनियरची नाही, इन्स्टाग्रामवर कोणी विकतोय त्याची तर नाहीच. दुखलं-खुपलं तर कॉलेजच्या आरोग्य केंद्रात जायचं, फी भरताना विम्याचे पैसे त्यासाठीच घेतलेले असतात. बॅगेत नेहमीची औषधं न्या, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आणि मूळ पाकिटात. आजीच्या झोपेच्या गोळ्या कोणी प्रेमानं भरत असेल तर काढा.

तिथे पोचल्यावर नॅलोक्सोनचा नाकात मारायचा स्प्रे घेऊन ठेवायला सांगा. मार्च २०२३ पासून त्याला चिठ्ठीशिवाय विक्रीची परवानगी आहे आणि कित्येक विद्यापीठं तो फुकट देतात. स्वतःसाठी नाही, खोलीतल्या कोणासाठी. आपल्या मुलांच्या डोक्यात हॉस्टेलचा एक जुना नियम पक्का असतो : पडलाय ना, झोपू दे, सकाळी उतरेल. दारूतही तो धोक्याचाच, पण फेंटॅनिलमध्ये श्वास काही मिनिटांत थांबतो, सकाळ येतच नाही. हलवून उठत नसेल, घोरण्यासारखी घरघर येत असेल, तर ९११, एका नाकपुडीत स्प्रे, कुशीवर, आणि दोन-तीन मिनिटांत हालचाल नाही झाली तर दुसरा स्प्रे. तो फेंटॅनिल नसेल आणि स्प्रे मारला, तरी त्यानं अपाय होत नाही. मदत बोलावणाऱ्याला संरक्षण देणारे कायदे तिथल्या बहुतेक राज्यांत आहेत. आणि स्प्रेचा असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो, म्हणून गाडी येईपर्यंत मित्राला सोडून जायचं नाही.

नणंदबाईंना म्हणा, पाठवा. हे एकदा त्याच्याकडून वदवून घ्या आणि पाठवा.

आपल्या शहरात काय, असं कोणी विचारेल. इथल्या बातम्यांत गांजा येतो, एमडी (मेफेड्रोन) येतं, कफ सिरपच्या बाटल्या येतात, झोपेच्या गोळ्या येतात. नाव कुठलंही असो, चिठ्ठीबाहेरच्या गोळीत काय आहे ते इथेही कोणी मोजलेलं नसतं. कोणाच्या घरात असं काही सुरू असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फोन फुकट आहे.

राहिल्या सासूबाई. त्यांच्यावर रागावू नका. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ज्याच्या पानात वाढलं, त्याच्या पाठीवर घरातल्यांनी विष लावलंय असं कळल्यावर कोणतीही बाई ओढूनच काढेल. आणि तुम्ही सगळ्यांनी औषध त्यांच्या माघारी आणलं, नावही नातीकडून वाचून घ्यावं लागलं. हे सगळं त्यांना तुम्ही नाही, डॉक्टरांनी सांगू द्या. पुढच्या भेटीला त्यांना बरोबर न्या, पुढच्या खुर्चीवर बसवा. घरी एक वही त्यांच्या ताब्यात द्या : पॅच कधी लावला, कोणत्या जागी, आज दुखणं दहापैकी किती, झोप किती लागली. नात लिहील, पण सांगायचं आजीनं. कपाटाची किल्लीही त्यांच्याच कमरेला राहू द्या. औषध ज्याच्या राखणीत असतं, तो माणूस ते डब्यात फेकत नाही.

आणि शेक बंद केल्यावर त्यांचे हात रिकामे राहतील, तर त्यांना काशाची वाटी काढून द्या. रात्री बाबांच्या तळपायांना खोबरेल तेल लावून वाटीनं सावकाश घासू द्या. पाय पॅचपासून लांब आहेत, तिथे चालतं.